धर्मशिक्षणाच्या तासाची हकिकत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम, घरगुती औषधे ह्या विषयांवर पुष्कळ भगिनी लिहितात व त्यांचा उपयोगही सर्वांना होतो. मी ह्या वेळी थोडा निराळा विषय घेतला आहे. तो म्हणजे कॅथलिक प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षणाचा तास. वेळापत्रकात हा तास दिसायला लहान. गणितासारखा त्याचा धाक नाही की चित्रकलेसारखी त्याची हौस नाही. परंतु ह्या लहानशा तासावरून आपल्या वस्तीत दोन्ही बाजूंनी कुरकुर ऐकू येते. कॅथलिक आया म्हणतात, "शाळा आपली, पण मुलाला साधी प्रार्थना धड येत नाही." शेजारच्या हिंदू भगिनी हळूच विचारतात, "आमच्या मुलांना तेथे तुमचा धर्म तर शिकवीत नाहीत ना?" दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. रागावून त्यांचे उत्तर देता येत नाही. हा तास आला कोठून, कसकसा बदलला व आज त्याचा कायदा काय आहे, हे नीट समजून घेतले तर दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात असे मला वाटते.

आरंभ करू या गोव्यापासून. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. ते हाती घंटा घेऊन रस्त्यातून फिरत व पोरासोरांना, नोकरचाकरांना देवळात बोलावीत, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. ती दंतकथा नव्हे. मुले जमली की झेवियर त्यांच्याकडून क्रुसाची खूण, श्रद्धेची कबुली, प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा एका सुरात म्हणवून घेत. गाण्याच्या चालीवर बसविलेले शब्द मुलांच्या तोंडी लवकर बसत व मग ती शेतात, होडीत, रस्त्यात तेच म्हणत हिंडत. पुढे तामिळ किनाऱ्यावरील कोळी लोकांत गेल्यावर त्यांनी ह्याच प्रार्थना दुभाष्यांच्या मदतीने तामिळीत करून घेतल्या. तेथून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी सांगितले आहे की, शाळेत जे शिकाल ते घरी जाऊन आईबापांना व शेजाऱ्यांना शिकवा, असे ते मुलांना बजावीत. म्हणजे आज आपण समजतो की मोठ्यांनी लहानांना शिकवावे, तर त्या काळी गंगा उलटी वाहत होती. मूल हेच घरातील शिक्षक होते!

त्या वेळी पुस्तके नव्हती, असली तरी वाचणारे नव्हते. म्हणून एक युक्ती निघाली ती प्रश्नोत्तराची. गुरुजी प्रश्न विचारणार, मुले ठरलेले उत्तर एकसुरात देणार. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही अशा रीतीने संबंध धर्माचा सारांश तोंडपाठ होई. ह्या शिकवणीला पोर्तुगीज भाषेत जे नाव आहे त्याचेच कोकणीत 'दोतोर्न' झाले. आज आपण घोकंपट्टी म्हणून हिला नाके मुरडतो. पण ज्या काळी पाटीही दुर्मिळ होती त्या काळी कान हीच पाटी होती, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. हिंदुस्थानात छापखाना प्रथम आला तो गोव्यात, १५५६ साली. त्यानंतर १५७८ मध्ये कोल्लम येथे तामिळ लिपीत एक चिमुकले पुस्तक छापले गेले. आपल्या देशात देशी लिपीत छापलेले ते पहिले पुस्तक समजतात. ते कसले होते? झेवियरांच्या ख्रिस्ती शिकवणीचे अवघ्या सोळा पानांचे भाषांतर. म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाने आपल्या देशाला पहिले देशी छापील पुस्तक दिले असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आपल्या मराठीच्या दृष्टीने ह्या हकिकतीतील मोठे नाव म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज, पण १५७९ मध्ये गोव्यास आले ते कायमचेच. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी साष्टीच्या खेड्यापाड्यांतून घालविली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीच्या पुराणांची सवय होती. संध्याकाळी एकत्र बसून कथा ऐकावी, ओव्या म्हणाव्या, हे त्यांच्या रक्तात होते. त्यांनी फादरांना म्हटले की, आम्हांला वाचावयास असे काही द्या. फादरांनी हे मागणे मानले व जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ते रोमन अक्षरांत छापावे लागले, पण भाषा मराठी, छंद ओवीचा आणि मराठीची थोरवीही त्यात गायिलेली. ह्याखेरीज मुलांसाठी त्यांनी कोकणी भाषेत गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापून निघाले. लहानांसाठी प्रश्नोत्तरे आणि थोरांसाठी ओव्या, अशी दोन्ही पंगतींची सोय ह्या एका माणसाने केली. पुढे श्री. शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ साली 'ख्रिस्तपुराण' देवनागरीत पुण्यास प्रसिद्ध केले तेव्हा आपल्या साध्या मराठी वाचकाला ते आपल्या अक्षरांत पाहावयास मिळाले.

परंतु इतिहास लिहावयाचा तर गोड तेवढेच सांगून भागत नाही. त्याच काळात अन्यायही झाला. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या हुकुमाने असे ठरले की, गोव्यातील पोरक्या हिंदू मुलांना पाद्री लोकांच्या ताब्यात द्यावे व त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावे. त्या मुलांच्या आज्या, मामा, काका काय म्हणतात हे कोणी विचारले नाही. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायासन बसले व मधली काही वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. त्याचा जाच नव्या ख्रिस्ती लोकांना अधिक झाला. १६८४ साली तर व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज शिकावी व पाद्री आणि शाळामास्तरांनी त्याच भाषेत शिकवावे. ज्या गोव्यात स्टीफन्ससारख्यांनी देशी भाषेत ग्रंथ रचले तेथेच सत्तर वर्षांच्या आत ही गत झाली. बोली काही मेली नाही. आया ती बोलतच राहिल्या. पण छापील पुस्तकांचा ओघ मात्र आटला. धर्मशिक्षणाच्या मागे सत्तेची काठी आली की धर्मही राहत नाही आणि शिक्षणही राहत नाही, हा ह्यातला धडा आहे. तो आपण ख्रिस्ती लोकांनी प्रथम शिकला पाहिजे, मग इतरांना सांगितला पाहिजे.

आता वसईकडे येऊ. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मग फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, देवळे उठली व देवळांच्या सावलीत शाळा सुरू झाल्या. ह्या शाळांत वाचणे, लिहिणे, गायन व धर्म असा अभ्यास असे. वसईच्या अशाच शिकवणीतून निघालेले एक मूल सर्व जगाला माहीत झाले. ते म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचा जन्म वसईत झाला. ते जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली शिकले व पंधरा वर्षांच्या सुमारास त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथली भाषा त्यांनी इतकी चांगली आत्मसात केली की, आठ वर्षे ते जपानी लोकांना धर्मशिक्षण देत होते. म्हणजे आपला वसईचा हा मुलगा मुळात धर्मशिक्षकच. पुढे त्यांनी व्यापार केला, नंतर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून प्रवेश केला आणि जपानच्या सत्ताधीशाकडे गेलेल्या वकिलातीत दुभाष्याचे काम केले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत ते होते. त्याच सव्वीस जणांत एक मुलगा अवघा बारा वर्षांचा होता. ८ जून १८६२ रोजी गोन्सालो गार्सिया ह्यांना संतपद मिळाले. आज वसईतील महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. तेथे सर्व धर्मांची मुलेमुली शिकतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. मराठ्यांच्या इतिहासात तो सोन्याचा दिवस. ख्रिस्ती वस्तीच्या दृष्टीने मात्र तेथून फार मोठा बदल झाला. पोर्तुगीज पाद्री गेले, किल्ल्यातील मठ व विद्यालये ओस पडली. ज्या देवळांत उपासना चालू राहिली त्यांची जबाबदारी गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंनी उचलली. ते संख्येने थोडे, गावे पुष्कळ आणि रस्ते चिखलाचे. तरीसुद्धा पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे आपल्या धर्मात टिकून राहिली. आता राजसत्ता पाठीशी नव्हती, लालूच नव्हती, मोठी विद्यालये नव्हती. मग प्रार्थना पुढच्या पिढीपर्यंत पोहोचल्या कशा? ज्या घरात दिवेलागणीला जपमाळ होते त्या घरातील मूल चार वर्षांचे होईपर्यंत 'नमो मारिया' आपोआप म्हणू लागते, हे आपण आजही पाहतो. तेव्हाही ह्याहून निराळे काही झाले असेल असे मला वाटत नाही. त्या आयांची व आज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत. पण शाळा बंद पडली तरी तास बंद पडला नाही, तो चुलीपाशी चालू राहिला, असे म्हणण्यास काही हरकत नसावी.

पेशवाई १८१८ मध्ये संपली व इंग्रजांचे राज्य पक्के झाले. इंग्रज सरकारने शाळांच्या बाबतीत १८५४ साली एक महत्त्वाचे धोरण ठरविले. ते चार्ल्स वुड ह्यांचा खलिता म्हणून प्रसिद्ध आहे. खाजगी शाळा, मग त्या कोणत्याही धर्माच्या लोकांनी चालविलेल्या असोत, चांगले ऐहिक शिक्षण देत असतील तर त्यांना सरकारी अनुदान मिळावे. तेथे कोणता धर्म शिकवितात ह्याची दखल सरकारी तपासनिसाने घेऊ नये. सरकारने स्वतः मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे. ह्या धोरणामुळे मिशनरी शाळांना बळ मिळाले, तसेच हिंदू, मुसलमान, पारशी मंडळींनी काढलेल्या शाळांनाही मिळाले. त्याच सुमारास मुंबई भागात जर्मन जेझुइट पाद्री आले व त्यांनी शिक्षणाचे काम नेटाने हाती घेतले. ठिकठिकाणी जोगिणींच्या संघांनी मुलींच्या शाळा काढल्या. वसई मात्र १९२८ पर्यंत पोर्तुगीजांच्या आश्रयाखालील दमणच्या धर्मप्रांतात मोडत होती. त्या साली तो धर्मप्रांत मोडून वसई मुंबईच्या महाधर्मप्रांतास जोडली गेली. स्वतंत्र वसई धर्मप्रांत झाला तो पुढे १९९८ मध्ये, आणि त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे झाले.

प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षणाला आजचे रूप येण्यास पोप दहावे पायस ह्यांची दोन पत्रके कारण झाली. हे पोप गरीब घरातील होते व खेड्यातील धर्मगुरू म्हणून त्यांनी बरीच वर्षे काढली होती. १९०५ साली त्यांनी सर्व धर्मगुरूंना आज्ञा केली की, प्रत्येक रविवारी व सणाच्या दिवशी मुलामुलींना एक तास धर्मशिक्षण दिलेच पाहिजे. त्यासाठी प्रत्येक धर्मग्रामात गृहस्थाश्रमी स्त्रीपुरुषांचे साहाय्यक मंडळ असावे, असेही त्यांनी सांगितले. १९१० साली त्यांनी दुसरे पाऊल टाकले. तोपर्यंत मुलांना पवित्र कम्युनियन दहाव्या, बाराव्या, कोठे चौदाव्या वर्षी देत. पोपसाहेबांनी सांगितले की, मूल सात वर्षांच्या सुमारास समजू लागते, तेव्हा त्याला दूर ठेवू नये. साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद ह्यांतील भेद कळला व आपल्या समजुतीप्रमाणे मुख्य गोष्टी कळल्या म्हणजे पुरे, बाकीचे ते हळूहळू शिकेल. आणि त्याची तयारी करून घेण्याची जबाबदारी आईबाप, धर्मगुरू व शिक्षक ह्या सर्वांवर टाकली.

ह्याचा परिणाम काय झाला तो पाहा. कम्युनियनचे वय बाराचे सातावर आले, म्हणजे तयारी वरच्या वर्गातून खाली पहिली-दुसरीत आली. प्राथमिक शाळेतील बाई, जी आजवर मुळाक्षरे व पाढे शिकवीत होती, ती आता मुलाला पहिल्या पापनिवेदनाची व पहिल्या कम्युनियनचीही तयारी करून देऊ लागली. आपल्याकडे आता हा सोहळा साधारण तिसरी-चौथीत होतो. पांढरा झगा, डोक्यावर जाळी, हातात मेणबत्ती, घरी पाहुणेमंडळी. पण त्या पांढऱ्या झग्याच्या पाठीमागे कित्येक महिन्यांचा धर्मशिक्षणाचा तास असतो, हे जेवणावळीच्या गडबडीत आपल्या ध्यानात राहत नाही.

जुन्या पद्धतीचा तास कसा असे हे आजच्या सुनांना ठाऊक नसेल. हातात लहानसे प्रश्नोत्तराचे पुस्तक. बाईंनी प्रश्न वाचावा, वर्गाने उत्तर म्हणावे. शब्द चुकला की पुन्हा. उत्तरे मोठ्या माणसांच्या भाषेत लिहिलेली, त्यामुळे 'पवित्रीकरण', 'अनुग्रह' असे शब्द मुले न अडखळता म्हणत, पण अर्थ विचारला तर एकमेकांकडे पाहत. मिस्सा तेव्हा लॅटिन भाषेत. मुलगे सेवेकरी म्हणून लॅटिनमधील उत्तरे पाठ करीत. एक अक्षर कळत नसे, पण सूर चुकत नसे. घरात प्रार्थना मराठी, बोलणे सामवेदी किंवा वाडवळी, देवळात लॅटिन व जुन्या माणसांच्या तोंडी अधूनमधून पोर्तुगीज शब्द. इतक्या भाषांच्या बाजारात मूल देवाशी कोणत्या भाषेत बोलत असेल हे देवच जाणे! तरीपण ह्या पद्धतीची एक बाजू सांगितली पाहिजे. पाठ केलेले जन्मभर पुरते. आजारपणात, संकटात, मरणाच्या बिछान्यापाशी माणसाला नवे शब्द सुचत नाहीत, लहानपणी पाठ केलेलेच ओठांवर येतात.

ह्यानंतर मोठा बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. ही परिषद १९६२ ते १९६५ पर्यंत रोम येथे भरली होती. ती चालू असतानाच डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईस आले होते. परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. वसईच्या देवळांत मराठी मिस्सा आली आणि जे शब्द पूर्वी फक्त कानावर पडत ते आता समजू लागले. ऑक्टोबर १९६५ मध्ये परिषदेने शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक म्हणजे त्यांचे आईबाप. शाळा त्यांच्या मदतीला असते, त्यांच्या जागी नसते. आपल्या देशात १९६७ साली बंगलोर येथे धर्मशिक्षण व उपासना ह्यांचे राष्ट्रीय केंद्र निघाले व फादर अमलोरपवदास ह्यांनी त्याची धुरा वाहिली. प्रश्नोत्तरे मागे पडून बायबलमधील गोष्टी, चित्रे, गाणी व मुलाच्या रोजच्या जीवनातील प्रसंग पुढे आले. 'चोरी करू नये' ही आज्ञा पाठ करण्याबरोबरच शेजारच्या बाकावरील मुलाचे पेन्सिल-रबर परत करणे म्हणजे काय, हेही मूल बोलू लागले. मराठीत बायबल सुगम व्हावे म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले व त्यास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वसईचे हे धर्मगुरू २०२० मध्ये उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते निवर्तले. स्टीफन्सांनी चारशे वर्षांपूर्वी धरलेला धागा त्यांनी पुढे नेला, असेच म्हणावे लागेल.

आता शेजारच्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळते. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना अमलात आली. तिचे अठ्ठाविसावे कलम शाळेतील धर्मशिक्षणाविषयी आहे. ज्या शाळेचा सर्व खर्च सरकार करते तेथे कोणताच धर्म शिकवावयाचा नाही. ज्या शाळा सरकारमान्य आहेत किंवा सरकारी मदत घेतात तेथे कोणालाही धर्मशिक्षणाला वा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. ज्याची त्याची संमती पाहिजे, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची. तिसाव्या कलमाने अल्पसंख्य समाजांना आपल्या शाळा काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे कॅथलिक शाळेला कॅथलिक मुलांना धर्म शिकविण्याची मोकळीक आहे, पण आपल्या शेजारणीच्या मुलाला तिला न विचारता तो शिकविण्याची नाही. १५५९ च्या हुकुमात पोरक्या मुलाच्या आजीला कोणी विचारले नव्हते. १९५० च्या कायद्यात पालकाच्या संमतीवाचून दार उघडत नाही. चारशे वर्षांत माणूस काही शिकला तो हा. माझ्या मते ह्या कलमाने धर्मशिक्षणाचे नुकसान झालेले नाही, उलट त्याची अब्रू वाढली आहे. स्वखुशीने घेतलेले शिक्षणच अंगी लागते.

म्हणूनच पुष्कळ कॅथलिक शाळांत धर्मशिक्षणाच्या तासाला वर्गाचे दोन भाग होतात. कॅथलिक मुले एका खोलीत धर्म शिकतात व इतर मुले दुसऱ्या खोलीत नीतिशिक्षण घेतात. खरे बोलणे, वडीलधाऱ्यांचा मान, स्वच्छता, मुक्या जनावरांवर दया, असे विषय त्यात असतात. शेजारणींना माझे सांगणे आहे की, मनात शंका ठेवू नका. शाळेत जा, त्या तासाचे पुस्तक मागून घ्या व वाचा. तो तुमचा हक्कच आहे. आणि कॅथलिक भगिनींनीही दिवाळीचा दिवा किंवा गणपतीची आरती ह्यांची गोष्ट आपल्या मुलाने वर्गमित्राकडून ऐकली म्हणून घाबरू नये. ज्याचे मूळ घट्ट असते ते झाड वाऱ्याला भीत नाही.

राहिली कॅथलिक आयांची तक्रार की, मुलाला प्रार्थना येत नाही. ती खोटी नाही. शाळेतील तास आखूड झाला आहे, अभ्यासाचे ओझे वाढले आहे, व कित्येक धर्मग्रामांत धर्मशिक्षण रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात भरते. तेथे शिकविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. आपले घर, स्वयंपाक सांभाळून, एक पैसा न घेता त्या शिकवितात. त्यांचे आभार मानण्याऐवजी 'आज रविवार, पोराला झोपू द्या' असे म्हणून आपण मुलाला घरीच ठेवतो. मग आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरी अडचण भाषेची आहे, व ती नवी आहे. हल्ली पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात जातात. शाळेत ती प्रार्थना इंग्रजीत शिकतात आणि घरी आजी जपमाळ मराठीत म्हणते. आजी अर्धा 'नमो मारिया' म्हणून थांबते, की उरलेला अर्धा घरातल्यांनी म्हणावा. नातू गप्प! त्याला प्रार्थना येत नाही असे नाही, आजीची येत नाही. इंग्रजी शिकू नये असे माझे म्हणणे नाही. पोटापाण्याला ती लागते. पण १६८४ च्या हुकुमाने जे काम पुरे झाले नाही ते आपण आपल्या हौसेने पुरे करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. त्या वेळी सरकारने बोली सोडा म्हणून सांगितले आणि आयांनी ती सोडली नाही. आज कोणी सांगत नाही, आणि आपण सोडत आहोत.

ह्यावर उपाय महाग नाही. रात्री जेवणाआधी दहा मिनिटे टीव्ही व मोबाइल बंद ठेवावेत. आजीने किंवा आईने मराठीत एक प्रार्थना म्हणावी व मुलांनी साथ द्यावी. शाळेत इंग्रजीत शिकलेले मुलाने म्हणून दाखवावे आणि आजीने ते ऐकून घ्यावे. झेवियरांच्या वेळी मूल घरी शिकवीत असे, मधल्या काळात आईने मुलाला शिकविले. आता दोघांनी एकमेकांना शिकवावे. रविवारच्या वर्गासाठी आपल्या मंडळातील ज्या भगिनींना वेळ आहे त्यांनी महिन्यातून एक रविवार दिला तरी धर्मशिक्षिकांचा भार हलका होईल. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. गोष्ट सांगता आली पाहिजे व मूल चुकले तर रागावता कामा नये.

आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत. प्रत्येकीच्या घरी श्लोक, दुवा, प्रार्थना असे काही ना काही पूर्वापार चालत आलेले आहे. ते पुढच्या पिढीला देणे हे काम शाळेच्या एका तासावर सोडून भागणार नाही. साडेचारशे वर्षांच्या ह्या हकिकतीत राज्ये बदलली, भाषा बदलल्या, पुस्तके व पद्धती बदलल्या. जे शिक्षण सक्तीने दिले गेले त्याचा कडवटपणा मागे राहिला, आणि जे मायेने दिले गेले ते टिकले. येत्या वर्षी आपल्या मंडळाने ह्या दृष्टीने काही करावयाचे ठरविले तर ह्या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.